लोखंडावरील धातुलेप : इतिहास

लोखंड व पोलाद गंजू नयेत किंवा उच्च तापमानास त्यांच्या पृष्ठभागाचे ऑक्सिडीकरण होऊ नये, म्हणून त्यांवर अन्य धातूंचा थर देतात. केवळ पृष्ठभाग झाकण्यापासून लेप व लोखंड यांमधील मिश्रधातूच्या थरांवर नियंत्रण मिळविण्यापर्यंत या तंत्राची प्रगती झालेली आहे.

प्रथम कथिलाचा लेप प्रचारात आला. तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई करण्याची पद्धत प्राचीन आहे. लोखंडी पत्र्यावर कथिल चढविण्याचा धंदा बोहीमिया व सॅक्सनी येथे भरभराटीस आला आणि अठराव्या शतकात तो वेल्समधील पाँटिपूल येथे रुजला. तथापि हा लेप अखंड असेपर्यंतच उपयोगी पडतो. त्यावर ओरखडा पडल्यास दमट हवेत कथिलाऐवजी उघडे पडलेले लोखंडच वेगाने गंजते.

जस्ताचे वर्तन याच्या उलट असते. वितळलेल्या जस्तात लोखंड बुडविण्याची कृती पॉल-झाक मालवँ यांनी १७४२ मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे मांडली. परंतु तिच्यामागील तत्त्व अज्ञात होते. सर हंफ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये ब्रिटिश आरमाराच्या जहाजांवरील तांब्याच्या पत्र्यांना जस्ताचे वा लोखंडाचे तुकडे जोडले. तुकडे झिजले व तांबे शाबूत राहिले. मात्र तांबे विरघळेनासे झाल्याने सागरी जीवांना होणारी विषबाधा थांबली. जहाजांच्या तळांवर शिंपले व शेवाळ साचून त्यांचा वेग घटला आणि योजना सोडून द्यावी लागली. व्यवहारात ती फसली, तरी तिचे तत्त्व खरे ठरले. पॅरिसमध्ये स्तानिस्लास सॉरेल यांनी १८३७ मध्ये जस्तलेपनाचे एकस्व (पेटंट) घेतले आणि गॅल्व्हानी यांच्या नावावरून त्यास ‘गॅल्व्हानीकरण’ म्हटले. लेप देताना वीज वापरली जात नसली, तरी संरक्षण विद्युत् रासायनिक असल्याने हे नाव सार्थ आहे. हेन्री रॉबिन्सन पामर यांनी १८२९ मध्ये एकस्व घेतलेल्या पन्हळी पत्र्यास जस्ताची जोड मिळाल्यावर हलकी व टिकाऊ छपरे सर्वत्र पसरली.

अम्लाने स्वच्छ केलेले व नवसागरयुक्त अभिवाह लावलेले लोखंड सु. ४५०° से. तापमानाच्या जस्तात बुडविले असता लोह-जस्त मिश्रधातूंचे थर बनतात. बाहेरच्या बाजूस त्यांतील लोहाचे प्रमाण घटत जाते. हे थर कठीण पण ठिसूळ असल्याने ते जाड झाल्यास पत्रा वाकविताना लेप सुटतो. तादेउश सेंजिमीर यांनी १९३० नंतरच्या दशकात यावर उपाय योजला. हायड्रोजनयुक्त वातावरणात तापवून शुद्ध केलेली पोलादाची अखंड पट्टी हवेचा स्पर्श न होता जस्तात शिरते. जस्तातील अत्यल्प ॲल्युमिनियममुळे ठिसूळ थराची वाढ रोखली जाते.

जस्त ४१९·५° से. ला वितळत असल्याने उष्णतेपुढे त्याचा टिकाव लागत नाही. म्हणून अमेरिकेतील आर्मको कंपनीने १९३९ मध्ये ॲल्युमिनियमलेपित पोलाद बाजारात आणले. तापविल्यावर लेपाचा लोखंडाशी संयोग होऊन उच्च वितळबिंदूचा मिश्रधातू बनतो व पृष्ठभागावरील ऑक्साइडाचे पटल पुढील ऑक्सिडीकरण रोखते. मात्र कापलेल्या कडांना जस्ताइतके संरक्षण ॲल्युमिनियमकडून मिळत नाही. दोहोंचे गुण साधण्यासाठी बेथलीहेम स्टील कंपनीने १९७२ मध्ये सु. ५५% ॲल्युमिनियम, ४३·४% जस्त व १·६% सिलिकॉन असलेला लेप प्रचारात आणला.

जस्त स्वतः झिजून लोखंडाचे रक्षण करते. त्यामुळे लेपाचे आयुष्य त्याच्या जाडीवर अवलंबून असते. कोकणासारख्या खाऱ्या हवेच्या प्रदेशात ते लवकर संपते, हे लक्षात घेऊनच लेपाची निवड करावी लागते.