पाळीची माती कोणी वाहिली?

महाडला १९२७ साली आपण तळ्याचे पाणी प्यालो. तो माणूसपणाचा हक्क होता. तळे कोणाचे, हा प्रश्न त्यापुढचा. आणि तो भंडाऱ्यात विचारला पाहिजे, कारण हा तलावांचाच जिल्हा.

गोंड राजांच्या काळात कोहळींनी पाळी घालून तलाव बांधले, त्यांवर धान आणि ऊस पिकला, हे सर्वांना पाठ आहे. पाळीची माती कोणाच्या डोक्यावरून गेली, याची नोंद मात्र कोणी ठेवली नाही. १९५१ साली मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. ज्याच्या नावावर जमीन, त्याचा पाण्याचा निस्तारहक्क कागदावर चढला. भूमिहीन महाराच्या नावावर काय चढणार? ढिवराचे जाळे तर सातबाऱ्यावर येतच नाही. पिढ्यान्‌पिढ्या मासोळी धरली त्याच तळ्यात त्याला ठेक्याने उतरावे लागले.

१९८८ साली पवनीजवळ वैनगंगेवर गोसेखुर्द धरणाचा पाया घातला गेला. मोजणी पुन्हा जमिनीची आणि घरांची. आता नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानात, तेथून या धरणात येते. ढिवर त्याच पाण्यात जाळे टाकतो.