मांजरीचे बाळंतपण : एर्लांगेनमधील घरात कोणती काळजी घ्यावी?

गावाकडे मांजर माळ्यावर किंवा अडगळीच्या खोलीत विते आणि डोळे उघडलेली पिल्ले तोंडात धरून माणसांसमोर येते. तिचे बाळंतपण सहसा कोणी पाहिलेलेच नसते. एर्लांगेनमधील तिसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेत मात्र हा सोहळा आपल्या पलंगापासून चार हातांवर घडतो, आणि बहुधा रात्रीच. अशा वेळी काय करावे, त्याहीपेक्षा काय करू नये आणि पशुवैद्याला नेमका कधी फोन करावा, हे आधी ठाऊक असलेले बरे.

पूर्वतयारी

मांजरीचा गर्भकाळ साधारण ६३ ते ६५ दिवसांचा असतो. गाभण असल्याची खात्री झाली की तिला पिल्लांसाठीचा पौष्टिक आहार द्यावा. पिल्लांना पाजताना तिची भूक नेहमीच्या दुपटीहून अधिक वाढते. ‘मांजर डोळे मिटून दूध पिते’ ही म्हण कितीही लाडकी असली, तरी बहुतेक प्रौढ मांजरांना गाईचे दूध पचत नाही. तिच्यासमोर पाणी ठेवावे.

शेवटच्या दोन आठवड्यांत शांत, अंधाऱ्या कोपऱ्यात एक मोठे खोके ठेवावे. त्याची एक बाजू आईला सहज ओलांडता येईल इतकी कमी उंचीची असावी. आत धुतलेली सुती कापडे अंथरावीत. स्वच्छ टॉवेल, उकळून घेतलेला दोरा व कात्री, स्वयंपाकघरातील डिजिटल वजनकाटा, थर्मामीटर आणि पिल्लांसाठीच्या दुधाची भुकटी (जर्मनीत ‘काट्सेनआउफत्सुख्टमिल्ख’) जवळ असावी. रविवारी आणि सणावारी येथील दुकाने बंद असतात, त्यामुळे ही खरेदी अखेरच्या क्षणावर ठेवू नये.

कळा आणि जन्म

मांजरीचे नेहमीचे तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. विण्याच्या साधारण १२ ते २४ तास आधी ते अंशभर उतरते. ती अस्वस्थ होते, खोके उकरते, अन्न टाळते. ही पहिली अवस्था एक दिवसापर्यंत चालू शकते. त्यानंतर जोराच्या कळा सुरू होतात आणि बहुधा अर्ध्या ते एका तासात पहिले पिल्लू बाहेर येते. पुढची पिल्ले साधारणपणे दहा मिनिटे ते एक तास अशा अंतराने येतात. बरीच पिल्ले मागच्या पायांनी जन्मतात, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. काही मांजरी मध्येच थांबतात, पिल्लांना पाजतात, झोपतात आणि कित्येक तासांनी पुन्हा वितात. आई शांत असेल आणि कळा देत नसेल, तर हा विश्रामही स्वाभाविक मानावा.

आई सहसा पिशवी फाडते, पिल्लाला चाटते, नाळ तोडते आणि वार खाऊन टाकते. आपण दूर बसावे. तिने पिशवी लगेच फाडली नाही, तरच हात धुऊन ती पिल्लाच्या तोंडावरून काढावी, नाक-तोंड पुसावे आणि टॉवेलने अंग चोळावे. पिल्लाला हवेत झुलवू नये. नाळ तुटली नसेल, तर पोटापासून दोन-तीन सेंटिमीटरवर दोरा बांधून त्यापलीकडे कापावी. प्रत्येक पिल्लामागे एक वार पडते, तिची नोंद ठेवावी.

पशुवैद्याला केव्हा बोलवावे?

पुढीलपैकी काहीही दिसल्यास थांबू नये :

- अर्धा तास जोराच्या कळा येऊनही पिल्लू बाहेर येत नाही.
- पिल्लू अर्धवट बाहेर येऊन दहा मिनिटे अडकले आहे.
- दोन तास मंद, थांबत-थांबत कळा येत आहेत.
- ताजे लाल रक्त सतत वाहत आहे, किंवा दुर्गंधीयुक्त स्राव आहे.
- पहिल्या पिल्लाआधीच गडद हिरवा स्राव दिसतो.
- आई निपचित पडली आहे, तिला ताप आहे किंवा तिचे अंग थरथरते आहे. (शेवटची खूण कॅल्शियम कमी झाल्याची असू शकते आणि ती पाजण्याच्या काळातही उद्भवते.)

जर्मनीत रात्रीच्या सेवेला ‘टिअरएर्त्सलिशर नोटडीन्स्ट’ म्हणतात. अनेक पशुरुग्णालयांनी मनुष्यबळाअभावी चोवीस तासांची सेवा बंद केली आहे, म्हणून रात्री कोठे जायचे हे दिवसाच विचारून ठेवावे. एक वाक्य पाठ असू द्यावे : ‘माइने काट्से हाट जाइट आइनर हाल्बेन श्टुंडे प्रेसवेहेन, आबर एस कोम्ट काइन युंगेस’, म्हणजे ‘माझ्या मांजरीला अर्ध्या तासापासून जोराच्या कळा येत आहेत, पण पिल्लू येत नाही’. खर्चाचीही कल्पना असावी. २२ नोव्हेंबर २०२२ पासून लागू असलेल्या शुल्कनियमांनुसार आपत्कालीन सेवेत मूळ दराच्या दुप्पट ते चौपट शुल्क आकारले जाते, शिवाय ५० युरो आणि त्यावरील कर. खर्चाच्या धास्तीने घालवलेले दोन तास मात्र पिल्लांच्या आणि आईच्याही जिवावर बेतू शकतात.

बाळंतिणीच्या खोलीतील आपल्या सवयी

मराठी घरात बाळंतीण म्हटले की धुरी, शेक आणि डेटॉलचे पाणी हे ओघाने येते. मांजरीच्या बाबतीत यांतील बहुतेक गोष्टी टाळाव्यात. डेटॉलमधील फिनॉलवर्गीय द्रव्य मांजरीच्या यकृताला निकामी करता येत नाही, त्यामुळे ते विषारी ठरते. धुराने नवजात पिल्लांच्या श्वासाला त्रास होतो. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजरीचा प्राण घेऊ शकते. कळा वाढवणारे औषधही पशुवैद्याखेरीज कोणी देऊ नये.

शेक मात्र पिल्लांना हवाच, कारण त्यांना स्वतःचे तापमान राखता येत नाही. पहिल्या आठवड्यात खोक्यातील ऊब ३० अंशांच्या आसपास असावी. फ्रांकनच्या हिवाळ्यात तापवलेल्या खोलीतही एवढी ऊब नसते. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवावी, म्हणजे उकडल्यास पिल्लांना दुसरीकडे सरकता येते. गारठलेल्या पिल्लाला आधी ऊब द्यावी, मग दूध. थंड पडलेल्या पिल्लाच्या पोटात दूध पचत नाही.

पहिले आठवडे

पहिल्या दिवसाचा चीक प्रत्येक पिल्लाला मिळायलाच हवा, कारण आईची रोगप्रतिकारशक्ती त्यातूनच पिल्लांत उतरते. याला एक अपवाद आहे. ब्रिटिश शॉर्टहेअरसारख्या काही जातींत आईचा रक्तगट ‘बी’ आणि पिल्लाचा ‘ए’ असेल, तर तोच चीक घातक ठरतो. अशा मांजरीचा रक्तगट आधीच तपासून घ्यावा.

जन्मतः पिल्लाचे वजन साधारण १०० ग्रॅम असते आणि ते रोज १० ते १५ ग्रॅम वाढते. रोज ठरावीक वेळी वजन लिहून ठेवावे. पहिल्या दिवसानंतर वजन घटले, तर पिल्लू वरवर कितीही ठीक दिसो, पशुवैद्याला कळवावे. आई पाजत नसेल, तर दर दोन-तीन तासांनी भुकटीचे दूध द्यावे. ते पिल्लाला पालथे ठेवून पाजावे, उताणे कधीही नाही. प्रत्येक वेळी ओल्या कापसाने पोटाखालचा भाग हलकेच चोळल्याशिवाय त्याला लघवी-शौच होत नाही.

डोळे सात ते चौदा दिवसांत उघडतात. जंतनाशक तिसऱ्या आठवड्यापासून सुरू होते, घन आहार चौथ्यापासून आणि लसीकरण आठव्यापासून. पिल्लांना आईपासून बारा आठवड्यांआधी तोडू नये. मांजर पिल्लांना सात घरे फिरवते, असे आपल्याकडे म्हणतात. तिने जागा बदलली, तर ती आधीची जागा तिला गोंगाटाची किंवा असुरक्षित वाटली, एवढाच अर्थ घ्यावा आणि तिला त्रास देऊ नये.

शेवटी एक जबाबदारीची गोष्ट. पाजणारी मांजरही काही आठवड्यांतच पुन्हा गाभण राहू शकते, म्हणून नसबंदीची तारीख याच काळात ठरवावी आणि तोवर तिला बाहेर सोडू नये. जर्मनीतील प्राणिनिवारे नको असलेल्या पिल्लांनी भरतात, ती बहुतेक अशाच अनवधानाने जन्मलेली असतात. हे वेत सुखरूप पार पाडणे आणि पुढचे टाळणे, दोन्ही एकाच काळजीचे भाग आहेत.