पाणी उडालं, बाकी तेच?

धुळे-सुरत रस्त्यावर, नवापूर तालुक्यातलं विसरवाडी हे माझं गाव. आठवडे बाजारात आई सुंठ घ्यायला बसली की हमखास उशीर व्हायचा. एकेक तुकडा मोडून, हुंगून बघायची. बहिणीच्या बाळंतपणाचे लाडू करायचे होते. मी तेव्हा कॉलेजात रसायनशास्त्र शिकत होतो. तिला म्हणालो, ‘‘सुंठ म्हणजे वाळलेलं आलंच की! पाणी उडालं, बाकी तेच. घरात आलं आहे, ते वापर.’’ ‘‘आलं वेगळं, सुंठ वेगळी,’’ एवढंच बोलून तिने सुंठ घेतली.

पुढे वाचनात आलं की आईचं म्हणणं चांगलंच जुनं आहे. सोळाव्या शतकातल्या ‘भावप्रकाशा’त भावमिश्रांनी दोघांचे गुण वेगळे नोंदवलेत. आलं जड आणि रूक्ष. सुंठ हलकी आणि स्निग्ध. कंद एक, औषधं दोन.

ताज्या आल्याचा तिखटपणा मुख्यतः जिंजेरॉलमुळे असतो. हे नाव १८७९ मध्ये थ्रेश या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने दिलं. आलं वाळताना, विशेषतः उष्णता लागली की, काही जिंजेरॉलच्या रेणूंतून पाण्याचा एकेक रेणू निघून जातो आणि शोगाऑल तयार होतं. जपानीत आल्याला ‘शोगा’ म्हणतात, त्यावरून हे नाव. ते जिंजेरॉलहून जहाल. म्हणजे पाणी उडतं हे माझं म्हणणं खरंच होतं. पण ते नुसतं कंदातून नव्हे, रेणूतूनही उडतं! मग ‘बाकी तेच’ कसं राहील?

कोरियातल्या जिनसेंगची कथा अशीच. ११२३ साली तिथे गेलेल्या शू जिंग या चिनी अधिकाऱ्याने लिहून ठेवलंय की कच्ची मुळी उन्हाळ्यात किडते, शिजवलेली टिकते. पुढे मुळी वाफवून वाळवायची रीत रुळली, तेच लाल जिनसेंग. वाफेने मुळीतली सॅपोनिनं बदलतात. ताज्या मुळीत जेमतेम सापडणारी काही द्रव्यं लाल जिनसेंगमध्ये वाढतात. टिकवायला गेले आणि नवंच औषध हाती आलं.

जुन्या ग्रंथातला प्रत्येक गुण यामुळे सिद्ध होतो, असं मी म्हणणार नाही. त्यासाठी तपासणीच हवी. पण वाळवणं, वाफवणं, उकळणं ही नुसती साठवणीची कामं नव्हेत, हे ही माणसं अनुभवाने जाणत होती. आईला रेणू ठाऊक नव्हता. मला ठाऊक होता, आणि तरी चूक माझीच होती.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)