मोर्सचा उतार आणि काताऱ्याची मापपट्टी

ड्रिलचा दांडा यंत्राच्या निमुळत्या पोकळीत नुसत्या दाबाने बसावा, घर्षणाच्या बळावर घट्ट राहावा आणि पाचर मारताच निमूटपणे सुटावा, ही युक्ती ज्या स्टीफन मोर्स नामक अमेरिकन कारागिराच्या नावाने जगभर रूढ आहे, त्यास पिळदार ड्रिलची सनद 1863 साली मिळाली. आणि पुढे मॅसॅच्युसेट्समधील न्यू बेडफर्ड येथे नांदलेल्या त्याच्या नावाच्या कारखान्याचा माल जेथे जेथे गेला, तेथे तेथे हा उतारही गेला.

उताराचे प्रमाण फुटाला पाच अष्टमांश इंच असे मोघम सांगतात. वस्तुतः क्रमांकागणिक ते किंचित पालटते. लाकूड कातण्याच्या लेथवर सर्रास आढळणाऱ्या दोन क्रमांकाच्या दांड्यास ते 0.599 इंच, तर पाच क्रमांकाच्या दांड्यास 0.632. ब्राउन अँड शार्प कारखान्यातील ऑस्कर बील या यंत्रविशारदाने ‘जार्नो’ नावाची जी योजना आखली, तीत असली बेशिस्त नव्हती: क्रमांकास आठाने भागले की मोठा व्यास, दहाने भागले की लहान, दोनाने भागले की लांबी, सारे इंचांत, आणि उतार सर्वत्र फुटाला 0.6. इतकी निर्दोष योजना मागे पडली व मोर्सचा वेडावाकडा दस्तूर टिकला, याचे नवल जुनी महसुली दफ्तरे चाळलेल्यास वाटणार नाही.

परिणामी, आपल्या लेथसाठी लाकडी दांडा कातू पाहणाऱ्यास कोष्टकापेक्षा प्रत्यक्ष नमुन्याचाच आधार अधिक. खात्रीचा पोलादी दांडा मेजावर आडवा ठेवावा, त्याच्या दोन्ही अंगांस सरळ धारेच्या जाडसर पट्ट्या भिडवाव्या आणि दोन्ही टोकांशी आडव्या चिपा स्क्रूने आवळून त्या जखडाव्या, की मापपट्टी सिद्ध झाली. पट्ट्या दांड्याच्या अर्ध्या व्यासाहून जाड हव्यात, नाहीतर त्यांच्या कडा दांड्याला जेथे भिडायच्या तेथे भिडतच नाहीत. आणि शक्य तर त्या पितळी असाव्यात, कारण कोकणातल्या पावसाळ्यात लाकडी मापाचा भरवसा धरणे धाडसाचे. कातलेला तुकडा तीत बसवून खिडकीच्या उजेडाकडे धरावा: रुंद टोकाशी फट दिसली तर उतार कमी, अरुंद टोकाशी दिसली तर अधिक. अखेरचा निवाडा मात्र लेथच्या पोकळीचाच. दांड्यावर लांबीने तीन पेन्सिलरेघा ओढून तो आत सारावा, किंचित फिरवावा व काढून पाहावा. रेघा जेथे पुसटल्या, तेवढ्याच जागेवरून पुढचा पातळ कात घ्यावा.