आधी जमिनीचा धडा



सराफकट्ट्यावरची माती झाडून नेणारे झारेकरी आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असतील. पाटीभर माती न्यायची, पाण्यात खळबळून हलकी हलकी सोडून द्यायची आणि तळाशी राहिलेली गुंजभर धूळ जपून ठेवायची, असा हा धंदा. या माणसाचं सगळं कसब सोनं ओळखण्यात आहे असं आपल्याला वाटतं. खरं पाहता त्याचं कसब माती ओळखण्यात असतं. माती कोणती ते कळलं म्हणजे उरतं ते सोनं!

आज मी ज्या यंत्राची हकीकत सांगणार आहे, ते आहे धातुशोधक यंत्र, म्हणजेच मेटल डिटेक्टर. झारेकऱ्याला जे बापाकडून कळतं, ते या यंत्राला शिकवायला माणसाला शंभराहून अधिक वर्षं लागली.

हा विषय मी का निवडला तेही सांगतो. आमच्या नात्यातलं एक घर आहे, तांबड्या जांभ्याच्या मुलुखातलं. काही वर्षांपूर्वी तिथं एक गृहस्थ असलं यंत्र घेऊन आला. परसात फिरला. यंत्र जिथं तिथं वाजू लागलं. "सोन्याचा हंडा आहे," असं त्यानं सांगितलं. त्याची मजुरी भागवण्यासाठी घरच्या काकूंच्या पाटल्या गहाण पडल्या. पुरुषभर खड्डा खणला. निघाला तो जांभा. गृहस्थ निघून गेला, आणि पाटल्या काही परत आल्या नाहीत. यंत्र खोटं बोललं काय? नाही, मंडळी. यंत्र खरंच वाजलं होतं. ते कशामुळं वाजलं, हे घरातल्या कुणाला ठाऊक नव्हतं, एवढंच.

यंत्राची मूळ कल्पना साधी आहे. तारेच्या वेटोळ्यातून उलटसुलट वाहणारी वीज सोडली की त्याच्याभोवती चुंबकीय प्रभाव निर्माण होतो. जवळ धातू असला तर त्या धातूत विजेचे भोवरे उठतात, आणि त्या भोवऱ्यांचा प्रभाव परत वेटोळ्यापर्यंत पोचतो. दोन वेटोळी तराजूसारखी समतोल ठेवली तर एरवी शांतता असते. धातू आला की तोल ढळतो आणि कानात आवाज येतो. डेव्हिड ह्यूज या शास्त्रज्ञानं १८७९ साली असा विजेचा तराजू तयार केला.

दोनच वर्षांनी त्याची कठीण परीक्षा झाली. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनात गोळ्या झाडल्या गेल्या. एक गोळी अंगात रुतून बसली. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल आपलं यंत्र घेऊन धावून आले. पण यंत्र भलत्याच जागी गुणगुणू लागलं. अध्यक्षांच्या गादीखाली पोलादी स्प्रिंगा होत्या! शिवाय डॉक्टरांनी शोध घेऊ दिला तो उजव्या बाजूला, आणि गोळी होती डावीकडे. सप्टेंबरच्या १९ तारखेला अध्यक्ष वारले. या यंत्राच्या इतिहासातला पहिला धडा असा दुःखद आहे: हवी ती वस्तू ऐकू येण्याआधी तिच्या अंथरुणाचा आवाज ऐकू येतो. सोन्याचं अंथरूण म्हणजे जमीन.

पुढं अमेरिकेत गेरहार्ड फिशर हे जर्मन इंजिनिअर विमानांना दिशा दाखवणाऱ्या रेडिओ यंत्रावर काम करीत होते. धातूच्या वस्तूजवळ किंवा खनिजांनी भरलेल्या जमिनीजवळ त्या यंत्राची दिशा चुकते, असं दिसून आलं. त्या चुकीचाच उपयोग करून त्यांनी 'मेटॅलास्कोप' बनवला. १९३७ साली त्याचं पेटंट मिळालं. दुसऱ्या महायुद्धात पोलंडचे एक लष्करी अधिकारी, युझेफ कोसात्स्की, यांनी हाती धरून चालण्याजोगं सुरुंगशोधक यंत्र तयार केलं. १९४२ साली एल अलामीनच्या वाळवंटात अशी पाचशे यंत्रं वापरली गेली. कोसात्स्कींनी त्याचं पेटंट घेतलं नाही. यंत्र ब्रिटिश सैन्याला देऊन टाकलं.

आता आपण ऑस्ट्रेलियात जाऊ या, कारण या यंत्राची खरी कसोटी तिथं लागली. १८५१ साली तिथं सोन्याची लाट उसळली. बॅलारट, बेंडिगो ही गावं बघता बघता नावारूपाला आली. ५ फेब्रुवारी १८६९ रोजी व्हिक्टोरिया प्रांतात मोलियागुल इथं जॉन डीसन आणि रिचर्ड ओट्स या दोघा खाणकऱ्यांना झाडाच्या मुळाशी, जमिनीखाली जेमतेम दोन बोटं, सोन्याचा एक प्रचंड गोळा सापडला. त्यातून सुमारे ७१ किलो शुद्ध सोनं निघालं. तोलायला एवढा मोठा तराजू नव्हता, म्हणून ऐरणीवर ठेवून त्याचे तुकडे करावे लागले. पश्चिमेकडं कूलगार्डी भागात १८९२ नंतर सोनं मिळालं, तिथं तर धुवायला पाणीच नव्हतं. मग खाणकरी माती वाऱ्यावर धरून उपणीत असत, आपण खळ्यावर धान्य उपणतो तशी!

हे सोनं सरलं असं सर्वांना वाटलं. पण १९७१ साली अमेरिकेनं डॉलर आणि सोनं यांची गाठ सोडली. भाव चढत चढत जानेवारी १९८० मध्ये औंसाला ८५० डॉलरवर गेला. माणसं यंत्रं घेऊन जुन्या खाणींच्या टापूत फिरू लागली. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला किंगाउअर गावाजवळ केविन हिलियर यांना अशा यंत्राच्या साह्यानं २७ किलोंहून जड असा गोळा सापडला. तो फूटभर खोल, उभा गाडलेला होता.

ही बातमी ऐकून हजारो लोक निघाले, आणि बहुतेकांना मिळाला तो नुसता कोलाहल. कारण तिथली जमीन लोहाची. तांबडी माती, लोहदगड, काळे खडे. वणव्यात भाजलेल्या लोहमातीत तर मॅग्हेमाइट नावाचं चुंबकीय खनिज तयार होतं. यंत्राला अशी जमीन आणि धातू यांतला फरक सहजी कळत नाही. आपल्या कोकणातला जांभा लोहमय, आणि देशावरच्या काळ्या दगडातही चुंबकीय लोहकण असतात. आमच्या नात्यातल्या त्या परसात तेच बोलत होतं.

मग उपाय काय? तो आपल्या वाण्याला माहीत आहे. तूप तोलण्याआधी तो रिकाम्या भांड्याचा धडा करून घेतो, म्हणजे भांड्याचं वजन तुपात धरलं जात नाही. यंत्रालाही आधी जमिनीचा धडा करावा लागतो. लोहमातीचा प्रतिसाद जवळजवळ ताबडतोब येतो, धातूचा किंचित मागे पडतो. १९७० नंतरच्या दशकात या फरकावर आधारलेली यंत्रं आली. दुसरी जात स्पंदनाच्या यंत्रांची. देवळातल्या घंटेवर टोला द्या. टोला संपला तरी नाद मागे राहतो. तोच टोला दगडावर द्या. ठक्क झालं की संपलं. हे यंत्र विजेचा एक टोला देतं, क्षणाच्या अगदी सूक्ष्म भागापुरतं थांबतं आणि मग कान देतं. तोवर बहुतेक माती गप्प झालेली असते, धातू मात्र अजून निनादत असतो. बहुतेक म्हणालो, कारण काही माती थोडी निनादतेच. म्हणून ॲडलेडच्या मिनलॅब कंपनीनं, ब्रूस कँडी यांच्या संशोधनावरून, कमीजास्त लांबीचे टोले देऊन माती आणि धातू वेगळे काढणारं यंत्र १९९५ साली बाजारात आणलं. ज्या जमिनी लोकांनी सोडून दिल्या होत्या, तिथं पुन्हा सोनं मिळू लागलं.

तरीही बटणं माणसालाच फिरवावी लागतात. जाणता शोधक प्रथम धातू नसलेली जागा पाहतो. यंत्राची चकती जमिनीजवळ नेतो, वीतभर उचलतो, पुन्हा खाली नेतो. आणि वर-खाली करताना गुणगुण बदलेनाशी होईपर्यंत धडा जुळवतो. मातीचा रंग बदलला की पुन्हा धडा करतो. ती मूळची गुणगुण तो अगदी बंद करीत नाही. डासाच्या आवाजाएवढी ठेवतो, कारण बारीक सोनं ओरडत नाही, गुणगुण जराशी वाकवतं.

दुसरी गोष्ट संवेदनेची. नवखा माणूस ती पूर्ण चढवतो. पावसाळ्यात वीज चमकताना आपण रेडिओचा आवाज वाढवला तर काय होतं? खरखरच वाढते! कठीण जमिनीत संवेदना उतरवावी लागते. मोठ्या चकतीऐवजी लहान चकती घ्यावी लागते. मोठी खोल पाहते हे खरं, पण ती मातीही तेवढीच जास्त ऐकते. आणि चकती संथ, एका उंचीवरून फिरवावी.

खारट जमिनीचं दुखणं निराळं. पश्चिम ऑस्ट्रेलियात मिठागरासारखी तळी आहेत. ओल्या मिठातून वीज वाहते, म्हणून ती जमीन स्वतःच पातळ धातूसारखी वागते. तिथं चकती थोडी उचलून धरायची, यंत्राला जरा उशिरानं कान द्यायला लावायचं, किंवा सरळ जमीन वाळण्याची वाट पाहायची. पण इथं एक किंमत मोजावी लागते. बारीक सोन्याचा नाद घुंगरासारखा, लगेच विरणारा. उशिरा ऐकलं की मिठाबरोबर तोही हरवतो. जमिनीला गप्प करणारं प्रत्येक बटण थोडंसं सोनंही गप्प करतं. किती गमवायचं नि किती ऐकायचं हे ठरवणं, यातच शोधकाचं शहाणपण आहे.

आणि एवढं सगळं करूनही यंत्र 'सोनं' असा शब्द उच्चारीत नाही. जुना खिळा, शिशाची गोळी, डब्याचं झाकण, सगळ्यांसाठी ते वाजतं. जुन्या खाणींच्या टापूत दिवसभर खणून खिसाभर खिळे घेऊन परतणं हीच रीत. सोनं हा अपवाद.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवतो. लोहचुंबक कागदात गुंडाळून ओढ्याच्या कोरड्या वाळूतून मुलांना फिरवायला सांगा. काळे कण कागदाला चिकटतील. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत तर पुष्कळच. मग मुलांना सांगा, की यंत्राला गोंधळात पाडणारे ते हेच. ज्या मुलानं हे एकदा हातानं पाहिलं, त्याच्या घराचं परस उद्या कुणी फुकट खणू शकणार नाही.

कायद्याचंही ध्यानात ठेवावं. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणं जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचं पुरलेलं धन सापडलं, तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. जो माणूस 'गुपचूप खणू' म्हणतो, त्याची परीक्षा तिथंच होते.

त्या घरचा खड्डा पुढं बुजवला. त्यावर काकूंनी शेवगा लावला आहे. तो चांगला वाढला. पाटल्यांविषयी त्या कधी बोलत नाहीत. मागच्या सुट्टीत मी त्यांना हे सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "भाऊ, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर!"

तेवढ्यासाठीच हे आज आपल्याला सांगितलं.