टॅपेट गप्प झाला की

फियाटनं १९३७ साली '५०८ सी' या गाडीत १,०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन बसवलं. त्याच घराण्यातलं, तेवढ्याच सीसीचं इंजिन पुढे प्रीमियर पद्मिनीच्या बॉनेटखाली आलं. टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी ताडदेव आरटीओत नोंदली गेली २९ ऑक्टोबर २००३ रोजी. वीस वर्षांची वयोमर्यादा संपली आणि २०२३च्या ऑक्टोबरअखेर काळी-पिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. तेव्हा रंगावर, मीटरवर, छतावरच्या कॅरियरवर भरपूर लिहिलं गेलं. तिच्यासोबत ऐकण्याची एक विद्याही गेली, तिच्याविषयी फारसं कुणी बोललं नाही.

गाडी उभी, गिअर न्यूट्रलमध्ये, ॲक्सिलरेटरवर पाय नाही, ही आयडलिंगची अवस्था. वारा, टायर, रस्ता यांचे आवाज नसल्यामुळे इंजिन आता स्पष्ट ऐकू येतं. क्रँकशाफ्ट मिनिटाला साधारण ८०० फेरे घेत असेल, तर कॅमशाफ्ट बरोबर निम्मे, म्हणजे ४०० घेतो. म्हणून निम्म्या लयीतली बारीक टकटक बहुधा वरून, व्हॉल्व्हकडून येते. खोल, जड ठोका बहुधा खालच्या बेअरिंगचा. त्याची खात्री करायची तर मिस्त्री एकेका स्पार्क प्लगची वायर काढून बघायचा. ज्या सिलिंडरची वायर काढल्यावर ठोका मंदावतो, दोष तिथे. वायर काढूनही टकटक तशीच राहिली, तर संशय व्हॉल्व्हवर. इंजिन थंड असताना येणारा आणि तापल्यावर विरणारा आवाज झिजलेल्या पिस्टनचा असू शकतो. क्लच दाबताच घरघर थांबली तर गिअरबॉक्सचं बेअरिंग बघा. उलट दाबल्यावरच सुरू झाली तर क्लचचं.

अवजार काय? लांब स्क्रूड्रायव्हर. टोक इंजिनावर, मूठ कानाजवळच्या हाडाला. १८१६ साली पॅरिसच्या लाएनेक या डॉक्टरनं कागदाची सुरळी रुग्णाच्या छातीला लावली आणि त्यातून स्टेथोस्कोप जन्मला. कल्पना तीच.

यातला सगळ्यात अवघड धडा मात्र आवाज नसण्याचा आहे. व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणारा रॉकर यांच्यात कागदाच्या एक-दोन पानांइतकी फट ठेवावी लागते, कारण धातू तापला की वाढतो. त्या फटीमुळेच टॅपेटची हलकी टकटक येते. व्हॉल्व्ह जिथे टेकतो ती बैठक झिजली, की व्हॉल्व्ह आत रुततो आणि फट कमी होत जाते. आवाज घटतो. मालक खूश! प्रत्यक्षात व्हॉल्व्ह आता पूर्ण बंद होत नसतो. आपली उष्णता तो बैठकीतून सोडतो, त्यामुळे नीट टेकला नाही तर जळतो. सीएनजीसारख्या कोरड्या इंधनावर ही झीज लवकर होते, आणि मुंबईच्या टॅक्सी तर मोठ्या संख्येनं सीएनजीवर गेल्या होत्या. फार गप्प झालेलं इंजिन ओळखायचं, तर ते पूर्वी कसं बोलायचं हे कानाला आठवावं लागतं.

इतके कान तयार झाले कसे? याचं उत्तर आपल्या औद्योगिक इतिहासात आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. पन्नाशीच्या दशकात कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० निघू लागली, १९६४ नंतर 'डिलाइट' आली, १९७४ साली 'पद्मिनी' हे नाव मिळालं. आयातीवर निर्बंध, उत्पादनावर परवाने, स्पर्धा जवळपास नाही. त्यामुळे चार दशकं एका शहरातल्या बहुतेक टॅक्सींना एकच इंजिन राहिलं. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, त्या मिस्त्रींना एकाच मॉडेलचा अफाट डेटा मिळाला. ग्राहकाला मात्र गाडीसाठी वर्षानुवर्षे थांबावं लागलं. ही विद्या टंचाईची लेक आहे, हे विसरून तिचे गोडवे गाऊ नयेत.

मग १९८३ साली मारुती आली, पुढे फ्युएल इंजेक्शन आलं, स्कॅनर एरर कोड दाखवू लागला. हे उत्तमच झालं. पण सेन्सर जे मोजायला बसवला आहे तेवढंच सांगतो, आणि पद्मिनीच्या इंजिनात तर स्कॅनरला वाचता येतील असे सेन्सर नाहीतच. तिचं डॉक्युमेंटेशन माणसांच्या कानात होतं.

हौशी लोकांकडे आजही पद्मिनी आहेत. पत्रा, रंग, क्रोम नीट राखलेलं आहे. त्यांची इंजिनं दुरुस्त करणारे जाणते मिस्त्री आता म्हातारे झालेत. आपल्या सगळ्यांच्या खिशात रेकॉर्डर आहे. ओळखीत अशी गाडी असेल तर दुरुस्तीआधीचं एक मिनिटाचं आयडलिंग रेकॉर्ड करा, नंतरचंही करा. इंजिन थंड होतं की तापलेलं हे नोंदवा. आणि बॉनेट उघडल्यावर मिस्त्रीला नेमकं काय सापडलं, ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. ती ओळ नसेल, तर पुढच्या पिढीला त्या रेकॉर्डिंगमधून नुसती टकटक ऐकू येईल.