वडवळची झुंज : नवनाथांची पोथी, नागराज आणि संकलनाचा प्रश्न

चाकूर तालुक्यात वडवळ नावाचे गाव आहे. नागनाथाच्या देवस्थानामुळे ते ‘वडवळ नागनाथ’ म्हणून ओळखले जाते. गावाजवळच्या, वनौषधींसाठी प्रसिद्ध असलेल्या टेकडीला ‘संजीवनी बेट’ म्हणतात. लक्ष्मणासाठी द्रोणागिरी घेऊन निघालेल्या मारुतीच्या हातून पर्वताचा एक तुकडा येथे पडला, अशी लोकश्रद्धा आहे. म्हणजे एकाच शिवारात रामायणातील वीर आणि नाथपंथातील सिद्ध शेजारी शेजारी नांदतात. दोन वेगळ्या कथाविश्वांतील ही पात्रे एका जागी कशी आली, हा प्रश्न गावातील कोणालाही पडत नाही. समीक्षेला मात्र तो पडायला हवा.

या प्रश्नाकडे प्रस्तुत लेखकाचे लक्ष वेधले ते एका विद्यार्थ्याने. मध्ययुगीन वाङ्मयाच्या तासाला ‘नवनाथ भक्तिसार’मधील मच्छिंद्र आणि मारुती यांच्या युद्धाची कथा सांगत असताना तो सहज म्हणाला, “सर, हे तर क्रॉसओव्हरच झाले.” वर्ग हसला. पण त्या शेऱ्यात एक वाङ्मयीन निरीक्षण दडलेले होते. दोन स्वतंत्र कथामालिकांचे नायक एका कथेत समोरासमोर येणे, त्यांची झुंज होणे आणि अशा झुंजी पुढे एका ग्रंथात बांधल्या जाणे, हा व्यवहार चित्रकथांच्या व्यवसायाने विसाव्या शतकात नव्याने शोधून काढला असे आपण समजतो. मराठीत त्याचा इतिहास बराच मागे जातो. या कथाप्रकाराला येथे ‘भेटकथा’ असे म्हटले आहे.

भेटकथेचा जुना आणि सर्वपरिचित नमुना महाभारताच्या वनपर्वात आहे. सौगंधिक कमळे आणायला निघालेल्या भीमाच्या वाटेत एक म्हातारे वानर आडवे पडलेले असते. भीमाला त्याचे शेपूटही उचलता येत नाही. मग ते वानर म्हणजे हनुमान असल्याचे, आणि दोघेही वायुपुत्र, म्हणजे भाऊ असल्याचे उघड होते. या कथेचे चार टप्पे स्पष्ट दिसतात : अडवणूक, बळाची परीक्षा, ओळख आणि नाते. पुढील काळातील बहुतेक भेटकथा याच चार टप्प्यांनी जातात. नायक बदलतात, शस्त्रे बदलतात. क्रम सहसा बदलत नाही.

धुंडीसुत मालू याने शके १७४१ मध्ये, म्हणजे इ. स. १८१९ मध्ये ‘नवनाथ भक्तिसार’ पूर्ण केला. चाळीस अध्याय आणि सुमारे साडेसात हजार ओव्यांचा हा ग्रंथ मराठी घरांत पारायणाची पोथी म्हणून वाचला जातो. श्रद्धेचा विषय बाजूला ठेवून केवळ कथनाच्या दृष्टीने पाहिले तर हा भेटकथांचा एक प्रचंड संग्रह आहे. मच्छिंद्रनाथ सेतुबंधास मारुतीशी लढतो आणि वायू मध्ये पडून दोघांचे सख्य करून देतो. हिंगळाजच्या वाटेवर त्याला अष्टभैरव अडवतात. पुढे वेताळ, कालिका अशी एकेक देवता त्याच्यासमोर येते, झुंजते आणि अखेर त्याच्या मंत्रविद्येला साहाय्य करण्याचे वचन देते.

या भेटकथांना मालूने जी चौकट घातली ती विशेष महत्त्वाची आहे. नाथांच्या जन्मकथा मुळात एकमेकींशी जुळणाऱ्या नाहीत. कोणी माशाच्या पोटातून, कोणी भस्मातून, कोणी यज्ञकुंडातून, तर कोणी हत्तीच्या कानातून प्रकटतो. या विखुरलेल्या कथांना मालूने भागवताच्या एकादश स्कंधातील नऊ नारायणांचा धागा ओवला. कवी नारायण मच्छिंद्र झाला, हरी गोरक्ष झाला, अंतरिक्ष जालंदर झाला. अशा रीतीने नऊ स्वतंत्र नायक एका कुटुंबात आले. शिवाय ज्ञानदेवांनी ‘ज्ञानेश्वरी’च्या शेवटी सांगितलेल्या परंपरेत आदिनाथ शंकरापासून थेट मच्छिंद्राकडे येणारे ज्ञान येथे दत्तात्रेयाच्या उपदेशातून येते. नाथ आणि दत्त यांचा हा सांधा महाराष्ट्राच्या धार्मिक इतिहासात किती खोलवर गेला आहे, हे रा. चिं. ढेरे यांच्या संशोधनाच्या वाचकांना ठाऊक आहे. आपल्या दृष्टीने मुद्दा असा की, संकलकाने कथा केवळ गोळा केल्या नाहीत. कोण कोणाचा गुरू, कोण वडील आणि कोण धाकटा, याचा निर्णयही त्याने संकलन करता करताच दिला. संकलन ही व्याख्याच असते.

या व्यवस्थेत वडवळची कथा कोठे बसते? पोथीच्या अखेरच्या अध्यायांत वटसिद्ध नागनाथ येतो. ब्रह्मदेवाचे वीर्य आणि तक्षककन्या पद्मिनी यांपासून झालेला, वडाच्या ढोलीत वाढलेला हा अविर्होत्र नारायणाचा अवतार. तो वडवाळ येथे राहत असताना मच्छिंद्रनाथ तेथे येतो. नागनाथाचे शिष्य त्याला दारातच अडवतात, आणि भांडण गुरूपर्यंत पोहोचते. अस्त्रामागून अस्त्र सुटते. नागनाथ सर्पास्त्र सोडतो. मच्छिंद्र गरुडाला बोलावू पाहतो, पण नागनाथाने गरुडाला आधीच मंत्राने बांधून ठेवलेले असते. ज्याने मारुती आणि भैरव यांना नमवले तो मच्छिंद्र सर्पदंशाने मरणोन्मुख होतो आणि दत्तात्रेयाचा धावा करतो. आपल्याच गुरूचे नाव ऐकून नागनाथ चमकतो, ओळख पटते, आणि वैरी गुरुबंधू ठरतात.

या ठिकाणी भेटकथेचा नेहमीचा संकेत मोडला आहे. एरवी अशा झुंजीत बरोबरी तरी होते, किंवा ग्रंथाचा प्रमुख नायक तरी जिंकतो. येथे पस्तीसहून अधिक अध्याय ज्याचा आणि ज्याच्या शिष्यांचा पराक्रम वाचकाने ऐकला, तो आदिगुरू एका गावच्या नाथापुढे हरतो. याचे स्पष्टीकरण कथेच्या अंतर्गत तर्कात सापडत नाही. ते स्थानात शोधावे लागते. वडवळकरांच्या दृष्टीने हरायला येणारा नायक जितका थोर, तितका त्यांचा नागनाथ थोर. मालूपर्यंत ही कथा कोणत्या वाटेने आली हे आज ठरवता येत नसले, तरी ती एका ठाण्याच्या अभिमानातून घडली असावी, असे तिच्या रचनेवरून वाटते. आता नागनाथाचे ठाणे असलेले वडवळ सोलापूर जिल्ह्यात मोहोळजवळही आहे, आणि नागेश संप्रदायाच्या इतिहासात त्याचे स्थान मोठे आहे. पोथीतील वडवाळ नेमके कोणते, हा वाद येथे सोडवायचा नाही. दोन गावांना एकाच झुंजीवर हक्क सांगावासा वाटतो, हेच त्या कथेच्या सामर्थ्याचे गमक आहे.

पोथीनंतर सुमारे दीडशे वर्षांनी या परंपरेला वेगळ्याच माध्यमाचा शेजार लाभला. १९६४ साली मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडिया समूहाने ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केली. ली फॉक यांनी १९३६ मध्ये निर्माण केलेला ‘फँटम’ हा नायक तीतून मराठीत अवतरला, तो ‘वेताळ’ या नावाने. भाषांतरकाराने शब्दाला शब्द शोधला असेल. पण महाराष्ट्रात आणि गोव्यात वेताळ हा गावकुसावर शेंदूर लावून बसलेला देव आहे, आणि पोथीत मच्छिंद्राशी झुंजलेला भूतनाथही तोच आहे. एका परदेशी मुखवटाधारी वीराला ग्रामदेवतेचे नाव मिळाले, ही भाषेच्या पातळीवर घडलेली भेटकथाच म्हणावी लागेल. त्याच प्रकाशनगृहात काम केलेल्या अनंत पै यांनी १९६७ मध्ये ‘अमर चित्र कथा’ उभी केली. तीत देव आणि वीर स्वतःच्या नावाने आले. महाभारताचे बेचाळीस अंक पुढे तीन खंडांत बांधले गेले आणि सुट्या अंकांना ग्रंथाची प्रतिष्ठा आली.

या दोन धारा जेथे मिळाल्या ते ठिकाण म्हणजे दिल्लीच्या राज कॉमिक्सचा ‘नागराज’. १९८६ साली आलेल्या पहिल्या नागराज-कथेची चित्रे प्रताप मुळीक या मराठी चित्रकाराची होती. ‘अमर चित्र कथा’साठी देवादिकांची आणि ऐतिहासिक पुरुषांची चित्रे काढलेला तोच हात आता शरीरात असंख्य सर्प बाळगणारा महानायक रेखाटत होता. हिंदी वाचनाची सवय असलेल्या मराठवाड्यात हे अंक एस. टी. स्थानकाजवळच्या दुकानांत भाड्याने मिळत. माझ्या पिढीतील अनेकांनी ते शाळेच्या दप्तरात लपवून वाचले, आणि घरी त्याच मुलांनी संध्याकाळी नवनाथांची पोथी ऐकली.

नागराजची पहिली कथा आज वाचताना थबकायला होते. प्राध्यापक नागमणी या दुष्ट शास्त्रज्ञाने दहशतवाद्यांना भाड्याने देण्यासाठी तयार केलेले हे जिवंत शस्त्र. त्याच्या डोक्यात बसवलेले यंत्र काढून त्याला मोकळे करतो तो एक साधू, आणि त्याचे नाव बाबा गोरखनाथ. सर्पांचा स्वामी नाथाच्या समोर येतो, संघर्ष होतो, आणि शेवटी गुरु-शिष्याचे नाते जुळते. चार टप्पे येथेही तंतोतंत आहेत. पुढे प्रकाशकांनी नागराजचा जन्म नव्याने सांगितला. तो तक्षकराज नावाच्या राजाचा पुत्र आणि देव कालजयीच्या कृपेचे फळ ठरला. वटसिद्ध नागनाथाच्या कुळातील तक्षक येथे पुन्हा डोके वर काढतो. यात पोथीचा थेट प्रभाव आहे असे म्हणण्यास पुरावा नाही, आणि तशी गरजही नाही. ज्या संस्कृतीत सर्प, वारूळ आणि नाथ यांची सांगड शतकानुशतके पक्की आहे, तेथे नवा नायकही त्याच साच्यातून निघतो.

अमेरिकेतही असेच घडले. १९६२ मध्ये स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांच्या मंडळीने नॉर्स पुराणातील थॉर या देवाला महानायक केले. त्या कथेत डोनाल्ड ब्लेक नावाच्या अधू डॉक्टरला एक काठी सापडते आणि तो थॉर होतो. १९६५ च्या वार्षिक अंकात थॉरची गाठ ग्रीक पुराणातील हर्क्युलिसशी पडली. अरुंद पुलावर कोणी मागे सरायचे यावरून दोघे लढले आणि झ्यूसने येऊन त्यांना सोडवले. वायूने मारुती-मच्छिंद्रांना सोडवावे तसेच हे झाले. १९६८ मध्ये खुलासा झाला की ब्लेक मुळात थॉरच होता. ओडिन या पित्याने त्याला नम्रता शिकवण्यासाठी ते रूप दिले होते. पुढे १९८७ पासून मार्व्हलने जुने अंक पुठ्ठ्याच्या बांधणीत क्रमाने काढायला सुरुवात केली. सुटे अंक वाचताना सहा वर्षांत विसरून गेलेली विसंगती आता वाचकासमोर एका सलग मांडणीत आली. नागराजच्या दोन जन्मकथांचेही संग्राहक आवृत्त्यांमध्ये तेच होते. सुट्या अंकाला स्मृती नसते. बांधलेल्या ग्रंथाला ती असते, आणि म्हणून त्याला चौकट लागते. राज कॉमिक्सच्या ‘नागायण’ मालिकेने आपल्या भागांना ‘कांड’ म्हटले, यात बाजाराची युक्ती असेल; पण चित्रकथेला पोथी व्हावेसे वाटते, ही कबुलीही आहे.

साम्य असे असले तरी एक भेद दृष्टीआड करून चालणार नाही. थॉर आणि हर्क्युलिस यांची झुंज बरोबरीत सुटते, कारण दोघांनाही प्रकाशकासाठी पुढच्या महिन्यात उभे राहायचे असते. तेथे नात्यापेक्षा मालमत्तेचे रक्षण महत्त्वाचे. पोथीतील समेटाचा आधार गुरुपरंपरा आहे, आणि त्या परंपरेने वडवळला मच्छिंद्राचा पराभवही पचवून घेतला. व्यावसायिक चित्रकथेने एवढी मोकळीक क्वचितच घेतली आहे. शिवाय तिचे देव गावाविना फिरतात. बाबा गोरखनाथ कोणत्या मठीतला, कोणत्या वाटेने आला, हे नागराजच्या वाचकाला विचारावेसे वाटत नाही. ‘अमर चित्र कथे’ने देवांना अखिल भारतीय, प्रमाण रूप दिले, आणि त्याच प्रमाणात त्यांची ठाणी पुसट झाली. ज्या नागनाथाला वडवळशिवाय कथाच नाही, त्याला अशा संग्रहात जागा मिळणे अवघड आहे.

मराठी समीक्षेने पोथी ही भाविकांची आणि चित्रकथा ही पोरांची म्हणून दोन्ही दाराबाहेर ठेवल्या. माझ्या लहानपणच्या एका वाचनालयात पोथ्या कपाटावर लाल फडक्यात असत आणि चित्रकथा रद्दीत जात. नोंदवहीत दोहोंनाही क्रमांक नव्हता. या उपेक्षेचा परिणाम असा की, भेटकथा हा आपल्याकडील एक जुना, जिवंत कथाप्रकार आपल्याला परक्या नावाने ओळखावा लागतो. मालूच्या पोथीची पाठचिकित्सा, इंद्रजालच्या मराठी अंकांची सूची आणि मुळीकांसारख्या चित्रकारांच्या कामाचा कालक्रम ही कामे अभ्यासाच्या कक्षेत यायला हवीत. नव्या संकलित आवृत्त्या निघत आहेत, हे चांगलेच आहे. पण मूळ अंक केव्हाचा, कथा कोणत्या गावची, आणि क्रम कोणी व का लावला, एवढे तरी त्यांच्या संपादकांनी सांगितले पाहिजे.

मालूने यांतले काही सांगितले नाही, हे खरे. तरीही वडवाळचे नाव त्याने गाळले नाही, आणि मच्छिंद्राची हार सावरून घेतली नाही. पारायणात तो अध्याय आला की आमच्याकडे अजूनही वाचणाऱ्याचा आवाज थोडा चढतो. मोठ्या संग्रहात लहान गाव कसे टिकते, याचे उत्तर त्या चढलेल्या आवाजात आहे.